गुडघ्याच्या वीतभर वर

सरकारी कागदावर माझं अपंगत्व पन्नास टक्के आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी शिंप्याची टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, गुडघा वाकवायला लावला, पाऊल वर उचलायला सांगितलं आणि मागे वळून न बघता कारकुनाला आकडा सांगितला. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि चाळीस टक्के ही त्यातली लक्ष्मणरेषा. तिच्या पलीकडे गेलात की सवलती, राखीव जागा. अलीकडे राहिलात तर लंगडा तो लंगडाच, पण कागदोपत्री धडधाकट. मी दहा टक्क्यांनी पास झालो.

दुसरा एक कागद त्याच फाइलमध्ये आहे. तो त्याहून जुना, कडेने वाळवी लागलेला. त्यावर माझं नाव, खाली ‘येलो बेल्ट’ आणि पुढे ‘उत्तीर्ण’. पहिला कागद माझ्यात काय नाही ते सांगतो, दुसरा काय आहे ते. निदान तसं समजायचं. प्रत्यक्षात हा दुसरा कागद मी कित्येक वर्षं कुणाला दाखवला नाही.

माझं गाव वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याला, पाली दरवाजाच्या अंगाला. आता तालुक्याचंच नाव राजगड झालंय. जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हंच. मी वर्षा-दीड वर्षाचा असताना ताप आला, कुणीतरी इंजेक्शन दिलं आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा होता. पोलिओच्या या कहाणीत माणसं बदलतात, कहाणी तीच राहते. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे आमच्यासारखे पाय आता नव्याने घडत नाहीत. आम्ही शेवटच्या पिकातले.

पोलिओच्या पायाने कसं चालतात ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. मांडीचे स्नायू गेलेले असतात, त्यामुळे अंगाचा भार पडला की गुडघा पुढे मुडपतो. मग आपण डावा तळवा मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर टेकवतो, गुडघा मागे दाबून ताठ करतो आणि उजवं पाऊल पुढे टाकतो. हे कुणी शिकवत नाही. पोर स्वतःच शोधून काढतं. माझ्या सगळ्या विजारी डाव्या मांडीवर एकाच जागी विरत. आवणीच्या दिवसांत मात्र मला फार बरं वाटे. भाताच्या खाचरात पोटरीभर चिखलात सगळं गावच पाय ओढत, मांडीवर हात टेकत चाललेलं असे.

पुढच्या शाळेसाठी मामाकडे भोरला आलो. भोर म्हणजे आमच्या लेखी शहर. राजवाडा, नीरेचा घाट, टॉकीज. त्या टॉकीजमधल्या ब्रूस लीनेच बहुधा कराटे भोरात आणलं. संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर एक सर क्लास घेत. पुण्यात नोकरीला असताना शिकून आलेले, अंगाने किडकिडीत, दिवसा एका पतपेढीत कामाला. मी पटांगणाच्या कडेला बसून बघायचो. एकदा त्यांनी विचारलं, “नुसता बघतोस का रे?” मी पायाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, “पाय दिसला मला. मी तुला विचारतोय.”

शोतोकान पद्धतीत नवशिक्याला पहिला काता शिकवतात तो हेइआन शोदान. काता म्हणजे एकट्याने, समोर शत्रू आहे असं समजून ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. या कात्यात एकवीस हालचाली आहेत आणि गंमत म्हणजे एकही लाथ नाही. कराटे म्हटलं की लोकांना हवेत उडालेली तंगडी आठवते, तिचा इथे पत्ताच नाही. सगळा जोर दोन गोष्टींवर: हात आणि उभं राहणं. उभं राहणं म्हणजे झेनकुत्सु दाची. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, भार थोडा पुढे.

मागचा पाय ताठ हवा, हे ऐकून मला हसूच आलं. माझा डावा पाय मागे गेला की आयता ताठ. तिथे मी वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा सरस. पण कात्यात आठ जागी या पद्धतीने डावा पाय पुढे येतो, गुडघा वाकवून. तिथे माझी इमारत कोसळायची. पहिलीच हालचाल तशी: डावीकडे वळा, डावा पाय पुढे, आणि डाव्या हाताने गेदान बराई. पोटात येणारी लाथ खाली झाडून टाकायची. झाडून झाल्यावर मूठ थांबते ती पुढच्या गुडघ्याच्या वीतभर वर.

माझा हात तर जन्मभर तिथेच होता.

म्हणजे लांबून बघणाऱ्याला माझी गेदान बराई बरोबरच दिसायची. जवळून बघणाऱ्याला दिसायचं की मूठ मांडीला चिकटली आहे, ती कुणाची लाथ अडवत नाहीये, आपलाच गुडघा सावरते आहे. मग हा बचाव धरायचा की आधार? परीक्षेच्या नियमांत मूठ मांडीला टेकू नये असं आहे. टेकली तर चूक. न टेकली तर मी खाली.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक मोठे परीक्षक आले. कुठून आणि कोण ते लिहायचं कारण नाही. आता असते तर त्यांनी कदाचित वेगळं केलं असतं. रांगेत माझा नंबर आला तेव्हा मी दोन पावलं पुढे गेलो, वाकून नमस्कार केला, आणि ते म्हणाले, “राहू दे बाळ. बस तू. तुझं कौतुक आहे.” बस म्हणाले म्हणून बसलो. शेवटी सगळ्यांबरोबर माझ्याही हातात पिवळा बेल्ट आणि तो कागद आला. टाळ्या सगळ्यांत जास्त मला मिळाल्या. मामीने पेढे वाटले.

सर त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लासला गेलो तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांनी तुला पास केलं, मी नाही केलेलं. बेल्ट घरी ठेव. पांढरा बांध.” एवढा राग मला आयुष्यात फार कमी वेळा आला असेल. पण रागाच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटलं, हे तेव्हाही कळत होतं.

मग सरांनी दुसऱ्या एका पोराला माझ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, खरोखर लाथ मार. हळू, पण खरी. मी हात आधी मांडीवर टेकवला, लाथ सरळ पोटात. पुन्हा. हात उचलला, लाथ झाडली गेली, गुडघा मुडपला, मी जमिनीवर. असं पुष्कळ दिवस चाललं. सर मुळीच बोलायचे नाहीत, फक्त बघायचे. एके दिवशी ते जमिनीवर उकिडवे बसले, माझ्या गुडघ्याच्या उंचीला डोळे आणले आणि म्हणाले, “क्रम उलटा आहे तुझा. भीतीने आधी टेकतोस. आधी झाड. झाडलेला हात खाली येतोच, तो येईल तिथे मांडी असू दे.”

आधी झाडायचं, मग टेकायचं. लाथ अडवून मूठ जिथे येऊन थांबते तिथेच माझ्या गुडघ्याला हवा असलेला आधार होता; मधे फक्त पळभराचं अंतर होतं, आणि ते पळ मला गुडघ्याच्या जिवावर नाही, कमरेच्या वळणावर काढायचं होतं. पाऊल आखूड टाकायचं, अंग उभं ठेवायचं. पुस्तकातल्या चित्रासारखं ते कधीच दिसलं नाही. पण लाथ पोटात यायची थांबली.

या ‘पुस्तकातल्या चित्रा’ची हकिकत मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. हेइआन काता मुळात रचले ते ओकिनावाच्या इतोसु आंको यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शाळेतल्या पोरांसाठी. जुनी विद्या अवघड होती, धोक्याची होती, म्हणून त्यांनी तिची मुलांना झेपेल अशी मांडणी केली. म्हणजे आपण जिला मूळ कसोटी म्हणून कवटाळतो तीच मुळी कुणाच्या तरी अंगाला बेतून घेतलेली. तेव्हाचं उभं राहणंही आखूड आणि उंच होतं. ते लांब, खोल, देखणे स्टान्स पुढे जपानात शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांचा मुलगा गिगो याने रूढ केले. हा गिगो लहानपणापासून क्षयरोगी. डॉक्टरांनी तो विशीही बघणार नाही असं सांगितलेलं. तो १९४५ पर्यंत जगला. दमदार, खोल उभं राहण्याचा जो नमुना सगळ्या निरोगी पोरांपुढे ठेवला जातो तो फुप्फुसं पोखरलेल्या माणसाने घडवलेला. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

आणि बेल्टचं म्हणाल तर तेही काही सनातन नाही. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ मध्ये ज्यूदोची कोदोकान शाळा काढली आणि पुढच्या वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिली ‘दान’ पदवी दिली. ही दानांची पद्धत जपानात आधीपासून होती ती ‘गो’ नावाच्या बैठ्या खेळात, बुद्धिबळासारख्या, जिथे पायांचा संबंधच नाही. फुनाकोशींनी कराटेचे पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये. आमच्या भाटघरला येळवंडीवर लॉइड साहेबाच्या नावाच्या धरणाचं काम तेव्हा चालू होतं. पिवळा, हिरवा, निळा असे रंग तर त्याहून अलीकडचे. पॅरिसमध्ये कावाइशी या ज्यूदो शिक्षकाने विद्यार्थ्यांचा हुरूप टिकावा म्हणून १९३० च्या दशकात रुळवले. धरणाच्या वयाच्या गोष्टीला आपण डोंगराच्या वयाची समजतो.

आमच्याकडे, मावळात, बेल्ट कुठे होते? तालमीत वस्ताद असतो आणि पठ्ठे असतात. मधल्या पायऱ्या नाहीत. जत्रेतल्या फडात पंच पोराचा हात धरून रिंगणात फिरवतात, वय, वजन, अंगलट नजरेने जोखतात आणि जोड लावतात. रेवड्यांच्या कुस्तीपासून इनामाच्या कुस्तीपर्यंत सगळी जोडीची करामत. मला ही पद्धत मनापासून आवडते. तीत कागद नाही, भाषण नाही, माती लागलेली पाठ हाच निकाल. पण खरं सांगायचं तर तिथे मला जागा नव्हती. ज्याला जोड मिळत नाही त्याला फड बंद. लहानपणी एकदा हट्टाने रिंगणात उतरलो तर एका म्हाताऱ्या पंचांनी मायेने मूठभर रेवड्या हातावर ठेवल्या आणि परत बसवलं. कात्याला जोड लागत नाही. म्हणून परक्या मुलखातून आलेली ही पांढऱ्या कपड्यांची विद्या मला आत घेऊ शकली, जी घरची विद्या घेऊ शकली नाही. मावळ्यांच्या अभिमानात वाढलेल्या माणसाला हे लिहिताना जड जातं, पण तसं आहे.

घरच्या विद्येतही सगळं तसंच आहे असं नाही मात्र. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरवणारा हात कधी नीट पाहिलाय? लांब, लवलवतं पातं, आणि मूठ अशी की हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी कवचात जातो. आत आडवी दांडी पकडायची. मनगट त्यात असं अडकतं की ते वळवताच येत नाही. तलवारबाजाचा सगळा जीव मनगटात. पट्ट्याने ते मनगटच बाद केलं. मग जोर येतो कुठून? खांद्यातून, कमरेतून, सबंध अंग फिरवण्यातून. एक सांधा बंद केला म्हणून बाकीचं अंग जागं झालं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. आमच्या हिरडस मावळातल्या शिंदच्या बाजीप्रभूंच्या चित्रांत दोन्ही हातांत पट्टे दाखवतात, आणि आंबवड्याला कान्होजी जेध्यांच्या समाधीशेजारी ज्याची समाधी आहे त्या जिवा महालाचंही नाव पट्ट्याशी जोडतात. चित्रं आणि दंतकथा बाजूला ठेवल्या तरी हत्यार खरं आहे, आणि ते अडकलेल्या सांध्यावर उभं आहे.

आणि महादजी शिंदे. पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ च्या त्या पळापळीत पाठलागावरच्या पठाणाने त्यांच्या पायावर वार केला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना जनावरावर घालून वाचवलं. तिथून पुढे जन्मभर ते लंगडत चालले. त्या पायाने त्यांनी १७७१ मध्ये दिल्ली घेतली, बादशहाला परत तख्तावर बसवलं, १७८४ मध्ये बादशाहीचा कारभार हाती घेतला आणि १७९४ मध्ये पुण्याला वानवडीत देह ठेवला. तेहतीस वर्षं! मराठी फौजेतला सगळ्यांत मोठा सेनानी म्हणावा असा हा माणूस, आणि आजच्या कुठल्याही भरतीच्या मैदानावर पहिल्या फेरीतच बाद. शाळेत आम्हाला महादजी शिकवले तेव्हा पानिपतानंतरच्या पराक्रमाची सनावळी होती, लंगडण्याचं एक वाक्य. मी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

अधू अंगाच्या खेळाडूंसाठी स्पर्धेच्या जगाने आपापली तोड काढली आहे. अंधांच्या ज्यूदोत दोघांनी एकमेकांची कपड्याची पकड घेतल्यावरच पंच ‘हाजिमे’, म्हणजे ‘सुरू करा’, म्हणतो. एकमेकांना शोधायची वेळच येत नाही. १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये हा खेळ आहे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या कपिल परमारने त्यात भारताचं पहिलं पदक आणलं. टोकियोत आलेल्या पॅरा तायक्वांदोत हाताने अधू असलेले खेळाडू लढतात, म्हणून तिथे डोक्यावर लाथ मारायला बंदी. डोकं झाकायला हात हवा ना. पॅरा कराटेची जागतिक स्पर्धा २०१४ मध्ये ब्रेमेनला सुरू झाली ती फक्त कात्याची. हे सगळं शहाणपणाचं आहे. आपल्याकडे मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण वेगळ्या वाटेचं: लहानपणी कुस्ती, फौजेत बॉक्सिंग, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं, तर ते पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. त्यांनी खेळच बदलला. तसं करायलाही हिंमत लागते. मला मात्र माझा खेळ बदलायचा नव्हता.

पण स्पर्धा आणि बेल्ट यांची गल्लत होते. पदकासाठी कुणीतरी हरावं लागतं, म्हणून तिथे गट पाडणं, टक्के काढणं, तुल्यबळ शोधणं आलंच. बेल्टमध्ये कुणी हरत नाही. बेल्ट म्हणजे एका जाणत्या माणसाने दिलेली साक्ष: मी याला पाहिलं, याला एवढं येतं. साक्षीदाराने कशाच्या मापाने पाहिलं हा पुढचा प्रश्न. आधी त्याने पाहिलेलं असलं पाहिजे. माझ्या त्या पहिल्या परीक्षकांनी माप कमी केलं याचा मला राग नव्हता, हे समजायला वेळ लागला. त्यांनी मुळी पाहिलंच नाही. न पाहता खाली सही केली. मला बस म्हणाले ते दयेने, हे मान्य. पण दया पुष्कळदा मान फिरवूनच येते.

उलट बाजूचे कडवे लोकही मला भेटलेत. त्यांचं म्हणणं, नियम सगळ्यांना एक. नाही जमत तर पांढऱ्या बेल्टवर राहा, त्यात कमीपणा कसला? यांच्याशी मी पूर्वी राजगडाचा दाखला देऊन भांडायचो. म्हणायचो, पाली दरवाजाने रुंद पायऱ्या आहेत, गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाजाची खडी वाट आहे, भुतोंड्याकडून अळू दरवाजा आहे. कुठूनही या, गडावर तर सगळे एकाच उंचीवर. ऐकायला छान वाटतं. पण एका पावसाळ्यानंतर मी स्वतः पाली दरवाजाने, मध्ये मध्ये बसत, वर गेलो आणि बालेकिल्ल्याच्या कड्याखाली थांबलो. तिथून पुढे सगळ्या वाटांची एकच वाट होते, हाताने कातळ धरायचा आणि पाय वर घ्यायचा. माझ्याने ते झालं नाही. बरोबरची पोरं वर गेली, मी खाली बसून बाटलीतलं ताक प्यालो. कातळ कुणाच्या अंगाला बेतून घेतलेला नसतो, त्याच्याशी वाटाघाट नाही. कसोटी माणसांनी लिहिलेली असते. तेव्हापासून मी गडाचा दाखला देत नाही.

आता पतपेढीतले सर थकलेत, क्लास त्यांचा एक जुना विद्यार्थी चालवतो आणि परीक्षेच्या वेळी मला टेबलामागे बसवतात. ब्लॅक बेल्ट मला उशिरा मिळाला, चाळिशी ओलांडून. तो कसा मिळाला ते इथे सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. लाथेच्या जागी मी गुडघ्याने आणि काठीने काय करू शकतो ते तीन परीक्षकांनी तासभर पाहिलं, एकाने दोन वेळा पुन्हा करायला लावलं, एवढंच. टेबलामागे बसल्यावर कळलं की पाहणं किती कष्टाचं काम आहे. धडधाकट पोरांची रांग असली की डोळे आपोआप चालतात. पाय इथे, मूठ तिथे, पुढचा. कडबाकुट्टीत तीन बोटं गेलेला पोरगा समोर आला की डोळ्यांना थांबून विचार करावा लागतो. मूठच वळत नाही तर ठोसा कशाने? तळहाताच्या टाचेने. मग तळहाताचा कोन बरोबर आहे का? मनगट मागे गेलंय का? त्याला सूट दिली असं लोक म्हणतात. खरं तर त्याची परीक्षा जास्त कडक झालेली असते, कारण त्याच्यासाठी पुस्तकात तयार उत्तर नसतं आणि आम्हालाही अभ्यास करावा लागतो.

याबाबतीत मला दादरच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांड्यांचा हेवा वाटतो. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अंध मुलींना त्यांनी दोरीचा मल्लखांब शिकवला. मल्लखांब डोळ्यांनी बघून शिकायचा खेळ असं सगळे धरून चालले होते. दोरी अंगाला कुठे घासते, कुठे आवळते, पीळ कुठे पडतो, हे तर कातडीच सांगते. त्यांनी आधी त्या मुलींकडे पाहिलं असणार, मग खेळाकडे नव्याने.

गेल्या हिवाळ्यातल्या परीक्षेला वेल्ह्याकडची एक मुलगी होती. डावा हात कोपराच्या जरा खालून जन्मापासूनच नाही. गावच्या शाळेत मुलींसाठी सरकारी योजनेतून स्वसंरक्षणाचं शिक्षण आलं, त्यातून तिला गोडी लागली. मार्गासनीवरून यष्टीने नसरापूर, तिथून दुसरी यष्टी, असा तिचा भोरचा प्रवास. तोही भाताची झोडणी टाकून आलेल्या वडिलांबरोबर. ऑरेंज बेल्टची परीक्षा. तिच्या हिकितेवर आम्हा परीक्षकांत आधीच वाद झाला होता. हिकिते म्हणजे ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी खेचून घेणं. तो शोभेचा नसतो, समोरच्याचा पकडलेला हात ओढण्यासाठी असतो. पकडायला पंजाच नाही तर खेचायचं काय? एक जण म्हणाले, तेवढं सोडून द्या. मी म्हटलं, सोडू नका, तिला विचारा. तिने दाखवलं. समोरच्याचा हात तिने कोपराच्या बेचक्यात दाबला, अंगाशी आवळला आणि कमरेने वळली. समोर उभे राहिलेले माझे सहकारी काही हलक्या वजनाचे गृहस्थ नव्हेत, पण ते दोन पावलं पुढे फरपटत आले. हिकितेला तिला पैकीच्या पैकी पडले.

पण ती नापास झाली. काता करताना नजर सारखी जमिनीवर, वळणापूर्वी मान वळत नाही, किआई, म्हणजे जोर लावतानाची आरोळी, तोंडातल्या तोंडात. परीक्षेच्या कागदावर मी हे तीन शेरे लिहिले, तारीख घातली, सही केली. ती डोळे पुसत पाणी प्यायला गेली आणि तिचे वडील तावातावाने टेबलापाशी आले. अंगावर अजून भाताचं तूस होतं.

“सर, नापास केली व्हय पोरीला? हाताचं काय निघालं?”

“हाताचं काही निघालं नाही. हात उत्तम आहे. नजर खाली जाते तिची.”

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाठीमागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. मग तीन ओळी बोट ठेवून वाचल्या.

“हात कुठंच लिवला नाय.”

“नाही.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग कागदाची घडी करून खिशात घालत म्हणाले, “मंजी पुढल्या टायमाला परत फी?”

“परत फी,” मी म्हणालो.

“आन यष्टीचं भाडं?”

“तेही.”

“अवघड हाय तुमचं,” असं म्हणून त्यांनी मुलीला हाक मारली आणि पहिलं वाक्य सुनावलं ते असं, “मान वर करून चल गं, सर काय म्हणले ऐकलं न्हाय का?”